‘एरिनपुरा’ जहाजावरील स्टुअर्ड

यरुशलेम येथे हर्झल टेकडीवरील सैनिकी दफनभूमीत पाण्याचे एक कुंड आहे. त्याच्या तळाशी, पाण्याखाली, १४० नावे कोरलेली आहेत. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी तेथे उभे राहून ती वाचली असतील. ब्रिटिश सैन्याच्या ४६२ व्या वाहतूक तुकडीतील हे ज्यू स्वयंसेवक ‘एरिनपुरा’ जहाजाबरोबर भूमध्य समुद्रात बुडाले. परंतु ‘एरिनपुरा’ हे नाव राजस्थानातील एका गावाचे आहे, हे आपल्या किती जणांच्या ध्यानी आले असेल? जहाज ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे, १९११ साली बांधलेले. आणि त्यावर राबणारे खलाशी हिंदी होते. त्यांपैकी ५४ जण त्याच वेळी मृत्यू पावले. या कंपनीच्या जहाजांवर पाहुणचाराचे काम करणाऱ्या स्टुअर्डच्या जीवनाचा आज आम्ही थोडक्यात परिचय करून देत आहोत.

या कंपनीच्या जहाजांवर डेकवर सारंग आणि टिंडल यांची हुकमत चाले. जेवणघर व केबिनी मात्र बहुधा गोमंतकीयांकडे असत. साष्टी-बारदेशातील एखादा तरुण काका-मामाचे बोट धरून मुंबईस येई. धोबी तलावाच्या आसपास त्याच्या गावाच्या नावाचा ‘कूड’ असे. तेथे ट्रंक ठेवावी, सायंकाळच्या प्रार्थनेस बसावे आणि जहाज मिळण्याची वाट पाहावी, असा त्याचा क्रम. जहाजावर पहाटेच्या चहापासून रात्रीच्या ताटांपर्यंत त्याला उसंत नसे. त्याच्या पगारातून गावचे घर चाले, बहिणींची लग्ने होत. हा पगार गोऱ्या खलाशाच्या मानाने फारच तुटपुंजा होता. १९३९ साली युद्ध सुरू होताच हिंदी खलाशांनी अनेक बंदरांत काम नाकारले, तेव्हा कोठे त्यात काही वाढ झाली.

येथे एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. गोवा तेव्हा पोर्तुगालच्या अमलाखाली होता आणि पोर्तुगाल युद्धात तटस्थ होता. म्हणजे ज्या राजाच्या निशाणाखाली हा स्टुअर्ड मरणाच्या वाटेवर निघे, त्या राजाचा तो प्रजाजनही नव्हता. हाती बंदूक नाही, अंगावर सैनिकाचा गणवेश नाही. हाती असे तो चहाचा ट्रे.

१९४३ च्या वसंतात ‘एरिनपुरा’ हजाराहून अधिक सैनिक घेऊन अलेक्झांड्रियाहून माल्टाकडे निघाले. १ मे रोजी सायंकाळी, बेनगाझीच्या उत्तरेस, जर्मन विमानांनी ताफ्यावर हल्ला केला. पेसाह उलटून अद्याप आठवडाही झाला नव्हता. एक बॉम्ब जहाजाच्या पोटात शिरला आणि अवघ्या चार मिनिटांत जहाज तळाला गेले. चार मिनिटांत खालच्या मजल्यावरचा मनुष्य जिना चढून वर येणार तरी कसा? आपल्या १४० जणांखेरीज बासुटोलँडचे, म्हणजे आजच्या लेसोथोचे, सहाशेहून अधिक सैनिकही त्या सायंकाळी बुडाले.

समुद्रात मेलेल्याला कबर नसते. ज्याचा देह हाती आला नाही, त्याच्या पत्नीला विधवा केव्हा म्हणावे, या प्रश्नाने आपल्या तल्मुदाचे पंडितही व्याकूळ झाले आहेत. ‘ज्याला अंत नाही अशा पाण्यात’ नाहीसा झालेला मनुष्य कदाचित दुसऱ्या किनाऱ्याला लागला असेल, ही आशा सोडवत नाही. ही वेदना तेल अवीवच्या घरात होती, तशीच मडगावच्या घरातही असणार.

दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशांची नावे एका स्मरणग्रंथात लिहून ठेवलेली आहेत, आणि तो मुंबईत मशीद बंदरच्या खलाशी-गृहात जपलेला आहे. हर्झल टेकडीवर जाणाऱ्यास मात्र त्यांची आठवण करून देणारे कोणी नाही. ते काम आपण बेने इस्राएलांनी करावे, असे आम्हांस वाटते. आपल्या पूर्वजांचे गलबत कोकणच्या किनाऱ्याशी फुटले, आणि बुडालेल्यांना नवगाव येथे दोन ढिगाऱ्यांखाली पुरले, अशी परंपरागत कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या ढिगाऱ्यांखालील एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही; तरी आपण त्यांना विसरलो नाही.

पुढच्या वेळी त्या कुंडापाशी हश्काबा म्हणाल, तेव्हा १४० जणांसाठी म्हणाच. पण काठावर एक लहानसा दगड आपल्या देशच्या त्या ५४ खलाशांसाठीही ठेवा.