पाच रिमोट, एक हात

साताऱ्याच्या आमच्या घरी टीव्हीशेजारी वेताची एक परडी आहे. तिच्यात पाच रिमोट असायचे: टीव्हीचा, डिशच्या सेट-टॉप बॉक्सचा, पाच स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या रिसीव्हरचा, ब्लू-रे प्लेअरचा आणि इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणाऱ्या स्टिकचा. हा सगळा संसार वडिलांनी निवृत्तीनंतर हौसेने मांडला होता. घरी बसून नाट्यसंगीत ऐकतानाही पेटी एका बाजूने आणि तबला दुसऱ्या बाजूने ऐकू आला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. कोणता रिमोट कधी उचलायचा हे फक्त त्यांना ठाऊक होते. ते असेपर्यंत ते शिकून घेण्याची गरज आम्हां कोणालाच वाटली नाही.

ते गेल्यावर आई तिथे एकटी राहू लागली. ती निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय ७९. दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिपटलाचा मधला भाग झिजला आहे. डॉक्टरी भाषेत मॅक्युलर डिजनरेशन. कडेचे थोडेफार दिसते, नेमके समोरचे दिसत नाही. वाचन सुटले, त्यामुळे टीव्ही ही तिच्यासाठी ऐकण्याची वस्तू झाली. मी पुण्याहून रोज रात्री फोन करतो. एकदा सहज विचारले, "आज काय ऐकलंस?" "काही नाही रे, आवाज येत नाहीये." "कधीपासून?" "झाले चार दिवस. तू शनिवारी येणारच आहेस, म्हणून बोलले नाही."

शनिवारी जाऊन पाहिले. वीज जाऊन आल्यावर रिसीव्हर झोपेतच राहिला होता, आणि टीव्हीचे स्वतःचे स्पीकर वडिलांनी कायमचे बंद करून ठेवले होते. तिसऱ्या रिमोटचे एक बटण दाबायचा अवकाश होता. पण पाचांतला तिसरा कोणता, आणि त्यावरच्या चाळीसेक बटणांतले ते एक कोणते? या दोन प्रश्नांपायी माझी आई चार संध्याकाळी मुकाट्याने बसून राहिली होती. त्या दिवसापासून मी पाचांच्या जागी एक रिमोट शोधू लागलो. या शोधात जे समजले आणि ज्या दोन चुका झाल्या, त्यांची ही हकिगत.

चार कांड्यांचा रिमोट

दूर बसून यंत्र चालवण्याची कल्पना टीव्हीपेक्षा जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये रेडिओलहरींवर चालणारी छोटी नौका लोकांना दाखवली होती. टीव्हीच्या रिमोटची गोष्ट मात्र झेनिथ या अमेरिकन कंपनीपासून सुरू होते. १९५० साली तिने आणलेल्या रिमोटला लांबलचक वायर होती. १९५५ मध्ये तिथले अभियंते यूजीन पॉली यांनी पिस्तुलाच्या आकाराची एक विजेरी बनवली. पडद्याच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे चार घटक होते. ज्या कोपऱ्यावर झोत टाकाल, ते काम व्हायचे. अडचण एवढीच, की पडद्यावर ऊन पडले तरी टीव्ही आपण होऊन चॅनल बदलू शके.

पुढच्याच वर्षी त्याच कंपनीतल्या रॉबर्ट अॅडलर यांनी प्रकाश सोडून ध्वनीचा मार्ग धरला. त्यांच्या रिमोटमध्ये अॅल्युमिनियमच्या चार कांड्या होत्या. बटण दाबले की आतली हातोडी कांडीवर आपटे आणि माणसाच्या कानाला न ऐकू येणारा उंच स्वर निघे. प्रत्येक कांडीची लांबी निराळी, म्हणून स्वर निराळा. चार कामे: चालू-बंद, आवाज बंद, पुढचे चॅनल, मागचे चॅनल. या रिमोटला बॅटरी नव्हती. बॅटरी संपली तर गिऱ्हाईक टीव्हीच बिघडला असे समजेल, अशी विक्री विभागाला धास्ती होती. ती अनाठायी नव्हती हे मी साताऱ्यात पाहिले आहे. ध्वनीवर चालणारे असे रिमोट सुमारे पंचवीस वर्षे टिकले. नंतर चार कामे अपुरी पडू लागली आणि अवरक्त प्रकाश आला.

उघडझाप आणि बोली

आपल्या हातातला नेहमीचा रिमोट म्हणजे एक बारीक विजेरी आहे. तिचा प्रकाश साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा. मोबाइलच्या कॅमेऱ्याला तो बहुधा दिसतो. रिमोटचे टोक कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट जिवंत आहे. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्या कॅमेऱ्याने पाहावे.

हा प्रकाश सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा उघडझाप करतो. ऊन आणि दिवे यांतही अवरक्त प्रकाश असतो. त्या गर्दीत टीव्हीला रिमोटचा प्रकाश ओळखू यावा, म्हणून ही विशिष्ट लय. या लयीतल्या झोतांमध्ये छोटी-मोठी विश्रांती घेऊन शून्य आणि एक हे अंक पाठवले जातात. एनईसी या जपानी कंपनीच्या पद्धतीत आधी एक लांब झोत जातो, मग उपकरणाचा पत्ता, मग आज्ञा. पत्ता आणि आज्ञा दोन्ही एकदा सुलट आणि एकदा उलट अंकांत पाठवतात, म्हणजे ऐकण्यात चूक झाली तर पकडता येते. एवढे सगळे एका सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आत आटोपते.

गोची अशी, की सगळ्यांची बोली एक नाही. फिलिप्सची पद्धत ३६ हजारांच्या लयीवर चालते, सोनीची ४० हजारांच्या. अंक मांडण्याची रीतही निरनिराळी. एकाच घरातली पाच उपकरणे पाच बोली समजतात, म्हणून परडीत पाच रिमोट. युनिव्हर्सल रिमोट म्हणजे या सगळ्या बोली येणारा दुभाषी.

असा दुभाषी दोन प्रकारे तयार होतो. पहिल्यात वेगवेगळ्या कंपन्यांचे संकेत आधीच भरलेले असतात. आपण उपकरणाचा क्रमांक टाकायचा. दुसरा शिकाऊ: जुना रिमोट त्याच्यासमोर डोक्याला डोके लावून ठेवायचा, एकेक बटण दाबायचे, तो ऐकून पाठ करतो. अॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियाक यांनी अॅपल सोडल्यावर १९८७ साली बाजारात आणलेला 'कोअर' हा याच शिकाऊ जातीचा. चांगल्या रिमोटमध्ये दोन्ही सोयी असतात, आणि त्यावर तिसरी: एका बटणात अनेक आज्ञांची माळ ओवता येते. 'गाणी' हे बटण दाबले की टीव्ही चालू, रिसीव्हर चालू, मग योग्य जोडणी, अशी कामे ओळीने होतात. लॉजिटेकच्या हार्मनी रिमोटनी ही कल्पना घरोघरी नेली. त्यांत उपकरणाऐवजी 'काय करायचे आहे' ते निवडायचे असे.

बोलतो, पण ऐकत नाही

अवरक्त रिमोट फक्त बोलतो. समोरच्याने ऐकले की नाही, तो जागा आहे की झोपलेला, हे त्याला कळत नाही. एसीचा रिमोट म्हणून तर दर वेळी तापमान, पंख्याचा वेग, प्रकार ही सगळी माहिती पुन्हा पाठवतो. मागचे काही पोहोचले असेल असे तो धरून चालत नाही.

टीव्हीच्या लाल बटणाचे तसे नाही. त्याची आज्ञा असते 'आहेस त्याच्या उलट हो'. माणूस डोळ्यांनी बघून ते दाबतो, म्हणून चालते. माळेतला रिमोट न बघता दाबतो. वीज जाऊन आल्यावर एक उपकरण आपोआप चालू झालेले असते, दुसरे झोपलेले. मग 'गाणी' दाबले की झोपलेले उठते आणि जागे झोपते. यावरचा उपाय म्हणजे 'चालू' आणि 'बंद' यांचे वेगवेगळे संकेत. अनेक टीव्हींना आणि रिसीव्हरना हे संकेत समजतात, पण सोबतच्या रिमोटवर त्यांची बटणे नसतात. म्हणजे नुसत्या शिकाऊ रिमोटला ते शिकता येत नाहीत. आधीच भरलेल्या संग्रहात ते असावे लागतात. रिमोट घेण्याआधी आपल्या उपकरणांसाठी हे सुटे संकेत त्यात आहेत का, हे विचारावे. मी हा प्रश्न उशिरा विचारला.

दुसरी मर्यादा ब्लूटूथची. हल्लीच्या अनेक इंटरनेट स्टिक रेडिओलहरींवर बोलतात. ती बोली अवरक्त रिमोटला शिकवता येत नाही. रिमोटमध्येच ब्लूटूथ हवे.

तिसरा मुद्दा कोणी विक्रेता आपण होऊन सांगणार नाही: कदाचित नवा रिमोट लागणारच नाही. एचडीएमआय केबलच्या १३ क्रमांकाच्या टोकावरून उपकरणे एकमेकांना आज्ञा देऊ शकतात. या सोयीचे नाव सीईसी. सॅमसंग तिला अॅनीनेट प्लस म्हणते, सोनी ब्राव्हिया सिंक, एलजी सिम्पलिंक. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती चालू केली की बहुधा टीव्हीच्याच रिमोटने रिसीव्हरचा आवाज कमी-जास्त होतो, आणि एक बंद केले की दुसरेही बंद होते. नव्या उपकरणांच्या घरात आधी हेच करून पाहावे. आमचा रिसीव्हर जुना, टीव्हीला ऑप्टिकल वायरने जोडलेला. त्या वायरीतून फक्त आवाज जातो, आज्ञा जात नाही. आमची ती वाट बंद होती.

माझ्या दोन चुका

पहिली चूक पैशाची. मी सर्वांत महाग, काचेच्या पडद्याचा रिमोट घेतला. सुंदर चित्रे, एका बोटात सगळे. आईच्या हातात दिला. तिने बोट फिरवले आणि विचारले, "यात बटणं कुठं आहेत?" जिला समोरचे दिसत नाही तिच्या हातात मी गुळगुळीत काच ठेवली होती. मोबाइलवरच्या रिमोटच्या अॅपचेही हेच. तिचा हा प्रश्न मी दुकानातच स्वतःला विचारायला हवा होता.

आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. लॉजिटेकने २०२१ मध्ये हार्मनीचे उत्पादन थांबवले, जुन्या ग्राहकांची सेवा चालू ठेवू असे सांगून. पण ज्या रिमोटचे संकेत कंपनीच्या सर्व्हरवरून उतरवावे लागतात, त्याचे भवितव्य कंपनीच्या हाती असते. ज्याची सगळी विद्या त्याच्या स्वतःच्या पोटात आहे, असा रिमोट मला हवा होता.

दुसऱ्या खेपेला मी पंधरा मोठ्या रबरी बटणांचा, दोन्ही जातींचा साधा रिमोट घेतला. सुटे संकेत होते, माळ ओवली. माझ्या हातात उत्तम चालला. आईच्या हातात तीनदा दाबला तर दोनदा फसला. तासभर निरखल्यावर कारण सापडले. ती बटण दाबून लगेच रिमोट मांडीवर उलटा ठेवत होती. माळेतल्या पाच आज्ञांपैकी दोनच पोहोचत, बाकीच्या साडीत जिरत. शिवाय टीव्ही जागा व्हायला काही सेकंद घेतो, तोवरच्या आज्ञा वाया जातात. म्हणून मध्ये मीच थांबे घातले होते. झोत टाकणारी एखादी डबी बसवता आली असती, पण ती चालते वायफायवर, आणि वीज गेली की घरचे वायफायही जाते.

मी म्हटले, "आई, बटण दाबल्यावर दहा मोजेपर्यंत रिमोट तसाच धर." ती म्हणाली, "दहा कशाला मोजू? बेचा पाढा म्हणते." बे एके बे पासून बे दाहे वीसपर्यंत माळ बरोबर पुरी होते. सेट-टॉप बॉक्स मी कायम चालूच ठेवला, म्हणजे माळ आणखी आखूड झाली. बटणांवरची अक्षरे तिला निरुपयोगी होती. तिनेच सुचवले, मोहरीचे दाणे चिकटव. 'गाणी'वर एक दाणा, 'बातम्या'वर दोन, 'सगळे बंद'वर तीन. आवाजाची दोन बटणे तशीच ठेवली, ती तिला आकारावरून कळतात. उरलेल्या दहा बटणांवर मी चिकटपट्टी लावली.

हात कोणाचा?

मराठीत 'रिमोट' हा शब्द घराबाहेरही गेला. १९९५ मध्ये युतीचे सरकार आले तेव्हा त्याचा रिमोट कंट्रोल आपल्या हाती आहे, असे बाळासाहेब ठाकरे यांनी उघडपणे सांगितले होते, आणि ज्याच्या हाती रिमोट त्याची सत्ता हे सगळ्यांना न समजावता कळले. घरातही तसेच असते. आमच्या घरी तो वडिलांच्या हाती होता. ते गेल्यावर, नकळत, पुण्याहून मी तो धरून बसलो होतो. आईला ऐकायचे तर तिने मला फोन करायचा, आणि फोन करायचा तिला संकोच.

म्हणून कोणी विचारले तर मी रिमोटचे नाव सांगत नाही. एका कागदावर लिहा म्हणतो: तो कोणाच्या हातात राहणार, त्या माणसाला संध्याकाळी कोणत्या तीन-चार गोष्टी करायच्या असतात, आणि वीज जाऊन आल्यावर काय होते. मग सीईसीने भागते का पाहा. नाही भागले तर सुटे संकेत, हाताला लागणारी बटणे, गरज असेल तर ब्लूटूथ, आणि स्वतःच्या पोटातली विद्या, या क्रमाने विचारा. किती उपकरणे चालतात हा आकडा खोक्यावर सर्वांत मोठा छापलेला असतो; तो शेवटी पाहिला तरी चालतो.

परडीत आता एकच रिमोट असतो. बाकीचे पाच बॅटऱ्या काढून कपाटात ठेवले आहेत, शिकाऊला पुन्हा शिकवायची वेळ आली तर लागतील म्हणून. परवा रात्री फोन केला तर आईने उचलायला वेळ लावला. मागे पेटी वाजत होती. "थांब रे," ती म्हणाली, "आवाज कमी करते." आणि तिने केला.