उरातील लसिकाग्रंथी : अहवाल वाचताना

हल्ली रुग्ण नाडी दाखविण्यापूर्वी पिशवीतून सी.टी. स्कॅनचा अहवाल काढून वैद्यापुढे ठेवतो. जुनाट कास, सायंकाळी येणारा ज्वर किंवा घटत चाललेले वजन यांसाठी ही तपासणी झालेली असते आणि अहवालाच्या शेवटी ‘मेडियास्टायनल लिम्फॅडिनोपॅथी’ असे शब्द असतात. “वैद्यराज, या गाठी कर्करोगाच्या तर नाहीत ना?” हा त्याचा पहिला प्रश्न असतो. त्याला उत्तर देण्यापूर्वी हे शब्द काय सांगतात व काय सांगत नाहीत, हे आपण जाणून घेतले पाहिजे. उराच्या मध्यभागातील लसिकाग्रंथी वाढलेल्या आहेत, एवढाच त्यांचा अर्थ. ते व्याधीचे नाव नव्हे.

स्थान : दोन्ही फुफ्फुसांच्या मधील ज्या भागात हृदय, महाधमनी, श्वासनलिका व अन्ननलिका असतात, त्यास मेडियास्टायनम म्हणतात. श्वासवाहिन्या व रक्तवाहिन्या फुफ्फुसात जेथे शिरतात ते फुफ्फुसमूळ म्हणजे हायलम. या दोन्ही ठिकाणी लसिकाग्रंथी निसर्गतःच असतात. त्यांच्या स्थानांना क्रमांक दिलेले आहेत. अहवालात ‘४ आर’ असे लिहिलेले असल्यास श्वासनलिकेच्या उजवीकडील खालची ग्रंथी समजावी, तर ‘७’ म्हणजे श्वासनलिका जेथे दुभंगते त्याखालील ग्रंथी. साध्या क्ष-किरण चित्रात प्राकृत आकाराच्या ग्रंथी दिसत नाहीत. त्या पुरेशा वाढल्या, तरच फुफ्फुसमूळाची छाया रुंदावलेली दिसते.

आकारमान : ग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट असते, म्हणून तिचा लहान व्यास महत्त्वाचा मानतात. सामान्यतः हा व्यास १० मि.मी.पर्यंत प्राकृत समजला जातो. ‘१८ × ९ मि.मी.’ या नोंदीतील १८ हा आकडा पाहून रुग्ण घाबरतो; विचार मात्र ९चा करावयाचा असतो. अन्य कारणासाठी केलेल्या तपासणीत अशी ग्रंथी योगायोगाने आढळली, लक्षणे नसली व अन्य काही विकृती दिसत नसली, तर लहान व्यास १५ मि.मी.हून कमी असताना पुढील तपासणीची गरज नाही, असे अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीचे २०१८ सालचे मार्गदर्शन आहे. उलट, लहान दिसणाऱ्या ग्रंथीतही दुष्ट व्याधी असू शकतो. केवळ आकड्यावर विसंबणे म्हणूनच योग्य नव्हे.

स्वरूप : ग्रंथीच्या मध्यभागी मेद दिसणे हे बहुधा सौम्यतेचे चिन्ह होय. शिरेतून औषध देऊन काढलेल्या स्कॅनमध्ये ग्रंथीचा मध्य काळसर व कडा उजळ दिसल्यास आपल्या देशात प्रथम राजयक्ष्म्याची शंका घ्यावी. दोन्ही फुफ्फुसमूळांतील ग्रंथी सारख्याच वाढलेल्या व सोबत श्वासनलिकेच्या उजवीकडील ग्रंथीही मोठी, हे चित्र सार्कॉइडोसिसमध्ये आढळते. उरोस्थीच्या मागे एकमेकींस चिकटलेल्या मोठ्या ग्रंथी लिम्फोमाची शंका उत्पन्न करतात. दगडाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम केलेल्यांत ग्रंथीच्या कडेने अंड्याच्या कवचासारखा चुना साठलेला दिसू शकतो. हृदयाच्या अकार्यक्षमतेतही या ग्रंथी वाढतात. मात्र ही सर्व चिन्हे अनुमानापुरती आहेत. पेट स्कॅनमध्ये क्षयाची ग्रंथीही कर्करोगाप्रमाणेच उजळते. संशय असेल तेथे निर्णय ग्रंथीचा अंश तपासूनच होतो. श्वासनलिकेतून दुर्बीण व अल्ट्रासाऊंडच्या साहाय्याने सुईने तो काढता येतो.

आपली भूमिका : सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचे एकत्र वर्णन आहे. अपचीची स्थाने हनू, काख, अक्षक, मान अशी सांगितली आहेत. ही स्थाने डोळ्यांना दिसणारी, हातांना लागणारी आहेत. उराच्या आतील ग्रंथीस दर्शन-स्पर्शन पोहोचत नाही. स्कॅनवरील शब्दाचे अपची असे भाषांतर करून लगेच कांचनार गुग्गुळ सुरू करणे, ही शास्त्रनिष्ठा नव्हे. प्रश्नपरीक्षा मात्र आपल्या हाती आहे. ज्वर, रात्रीचा स्वेद, वजन, रक्तष्ठीवन, धूम्रपान, व्यवसाय, घरातील क्षयरुग्ण हे सर्व विचारावे. मान व काख चाचपून पाहावी. तेथे ग्रंथी लागल्यास तपासणीसाठी अंश मिळविणे पुष्कळ सोपे होते.

निदान होईपर्यंत दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. पहिली, ‘तीन महिने औषध घेऊन पाहू’ असे सांगणे. या तीन महिन्यांत क्षय घरात पसरू शकतो आणि कर्करोग पुढील अवस्थेत जाऊ शकतो. दुसरी, अन्यत्र सुरू असलेल्या स्टिरॉइडकडे दुर्लक्ष करणे. त्याने लिम्फोमाच्या ग्रंथी तात्पुरत्या आक्रसतात, रुग्णास बरे वाटते व निदान हुकते. क्षय सिद्ध झाल्यास त्याची शासनाकडे नोंद करणे २०१२पासून बंधनकारक आहे, आणि ठरलेली औषधे पूर्ण काळ घेतली गेलीच पाहिजेत. अग्नी, बल व आहार यांची काळजी आपण त्यांच्या जोडीने वाहू शकतो. त्यांच्या जागी नव्हे.

रुग्ण आपल्याकडे विश्वासाने येतो. योग्य वेळी त्यास उरोरोगतज्ज्ञांकडे पाठविल्याने तो विश्वास उणावत नाही, असाच आमचा अनुभव आहे.