जपानचे प्रेसिंग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

फुटबॉलमध्ये प्रेसिंग म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असताना त्याला विचार करायला उसंत न देता, आपण ठरवलेल्या जागी कोंडीत पकडणे. कतारमधील २०२२च्या विश्वचषकात जपानने जर्मनी आणि स्पेन या दोन माजी विजेत्यांना २-१ असे हरवले, त्यात या डावपेचाचा वाटा मोठा होता. त्याविषयीचे गैरसमजही याच सामन्यांच्या आधारे दूर करता येतात.

जपानी खेळाडू नव्वद मिनिटे न थकता धावत राहिले म्हणून जिंकले, हा सर्वांत रुजलेला समज. या कौतुकात त्यांच्या पायांना श्रेय मिळते, डोक्याला मिळत नाही. १ डिसेंबरला स्पेनविरुद्ध पूर्वार्धात जपान बहुतांश वेळ स्वतःच्या अर्ध्यातच दबा धरून होता. मागे पाच, त्यांच्यापुढे चार आणि सर्वांत पुढे एकटा दाइझेन माएदा. अकराव्या मिनिटाला स्पेनच्या मोराताने गोल केला, मध्यंतरापूर्वी जपानच्या तिन्ही मध्यवर्ती बचावपटूंना पिवळी कार्डे मिळाली. तरी रचना तीच राहिली.

मध्यंतरानंतर प्रशिक्षक हाजिमे मोरियासू यांनी रित्सू दोआन आणि काओरू मितोमा यांना उतरवले आणि संघ एकदम पुढे सरकला. ४८व्या मिनिटाला माएदा थेट गोलरक्षक उनाय सिमोनवर धावून गेला. सिमोनने घाईने डावीकडे सहकारी बाल्देच्या दिशेने चेंडू उचलला. पण जपानचा जुन्या इतो तिथे आधीच झेपावला होता. सुटलेला चेंडू दोआनकडे आला आणि त्याने पेनल्टी क्षेत्राबाहेरून डाव्या पायाने जाळ्यात धाडला. माएदाच्या धावेने चेंडूची वाट ठरली आणि इतोने ती अडवली. प्रेसिंगमध्ये पहिला खेळाडू चेंडू हिसकावतोच असे नाही. बरेचदा तो प्रतिस्पर्ध्याला सापळ्याकडे वळवतो.

५१व्या मिनिटाला आओ तानाकाने दुसरा गोल केला. त्यानंतर जपान पुन्हा मागे सरकला आणि ६८व्या मिनिटाला बचावाच्या भक्कमपणासाठी ताकेहिरो तोमियासूला आणले गेले. म्हणजे सामना फिरवणारे जोरदार प्रेसिंग जेमतेम काही मिनिटांचे होते.

५-४-१ किंवा ३-४-२-१ या आकड्यांवरून संघ बचावात्मक की आक्रमक हे ठरवणेही फसवे आहे. दोन्ही आकडे एकाच रचनेचे असू शकतात. दोन्ही कडांचे विंग-बॅक मागे राहिले की बचावफळीत पाच जण दिसतात. ते प्रतिस्पर्ध्याच्या कडेच्या बचावपटूंवर चालून गेले की मागे तीनच उरतात, आणि त्यांच्या पाठीमागची मोकळी जागा हा संघाने पत्करलेला धोका असतो. २३ नोव्हेंबरला जर्मनीविरुद्ध मोरियासू यांनी मध्यंतराला कुबोऐवजी तोमियासूला आणले. आक्रमकाच्या जागी बचावपटू आला, तरी तीन मध्यवर्ती बचावपटूंच्या आधारामुळे विंग-बॅकना पुढे जाता आले. त्यानंतर दोआन आणि असानो यांनी गोल केले.

चेंडूचा ताबा कमी म्हणजे खेळावर नियंत्रण नाही, हाही अर्धवट हिशेब. स्पेनविरुद्ध जपानचा ताबा सुमारे १८ टक्के होता. नोंदी उपलब्ध असलेल्या विश्वचषक सामन्यांत विजयी संघासाठी हा नीचांक आहे.

राष्ट्रीय संघाला एकत्र सरावासाठी दिवस थोडे मिळतात, म्हणून प्रेसिंग क्लबांनीच करावे, असेही म्हटले जाते. अडचण खरी आहे. पण जपानच्या २६ जणांपैकी आठ खेळाडू जर्मन क्लबांत खेळत होते आणि तिथे प्रेसिंग रोजच्या सरावाचाच भाग असतो. त्यांना शून्यापासून शिकवावे लागले नाही.

प्रेसिंग हा सर्वांवर चालणारा उपाय मात्र नव्हे. २७ नोव्हेंबरला कोस्टा रिकाने चेंडू जपानलाच दिला आणि स्वतः मागे ठाण मांडले. हिसकावण्याजोगा चेंडूच प्रतिस्पर्ध्याच्या पायात नसल्याने सापळा रिकामा राहिला. ८१व्या मिनिटाला बचावफळीच्या चुकीवर केशर फुलरने गोल केला आणि जपान ०-१ असा हरला.