कागदावरचा तो नऊचा आकडा

डॉक्टरांच्या केसपेपरवर किंवा विम्याच्या अर्जावर एका कोपऱ्यात एक इंग्रजी अक्षर आणि दोन-तीन आकडे लिहिलेले असतात. सर्दी-तापाच्या कागदावर त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. पण निकाहला वर्षही न झालेल्या जोडप्याच्या कागदावर ‘एफ ५२.९’ असे दिसले आणि घरातल्या कोणी मोबाइलवर त्याचा अर्थ शोधला, की कुजबुज सुरू होते. एफ म्हणजे मानसिक आजार. म्हणजे मुलगा डोक्याने अधू, किंवा मुलीतच खोट होती आणि आपल्याला फसवले! एवढ्या एका ओळीवरून माहेर-सासरच्या बैठका बसतात.

या विषयावर बोलणे म्हणजे बेहया होणे, असे काही वाचकांना वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. मदिनेच्या अन्सारी स्त्रिया प्रेषितांकडे (स.) आपल्या शरीराविषयीचे नाजूक प्रश्नही घेऊन येत, आणि लाज त्यांच्या ज्ञानाच्या आड आली नाही म्हणून हजरत आयेशा (र.) यांनी त्यांचे कौतुक केले, हे आपण सगळे ऐकत आलो आहोत.

आता हा आकडा येतो कुठून? १८९३ साली पॅरिसचे संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियाँ यांनी मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. कोणत्या शहरात कशाने किती माणसे मरतात हे मोजता यावे, एवढाच तिचा हेतू. तीच यादी वाढत वाढत आज जागतिक आरोग्य संघटनेची ‘आयसीडी’ झाली. तिची दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली आणि आपल्याकडे विम्याच्या दाव्याच्या अर्जात आजही आयसीडी-१० चाच कोड मागतात. मोजणीसाठी आणि बिलासाठी केलेली ही सोय आहे. माणसाच्या अब्रूचा दाखला म्हणून ती कोणी बनवलेली नाही.

कोड वाचायचा कसा, तेही सोपे आहे. एफ हे मानसिक व वर्तनविषयक प्रकरणाचे अक्षर. त्यातला ५२ हा दांपत्यसंबंधातील अडचणींचा कप्पा. टिंबानंतरचा आकडा नेमकी अडचण सांगतो: शून्य म्हणजे इच्छा नसणे, दोन म्हणजे शरीराने साथ न देणे, चार म्हणजे शीघ्रपतन, सहा म्हणजे संबंधाच्या वेळी होणारी वेदना. आणि नऊ? नऊ म्हणजे ‘प्रकार नोंदलेला नाही’. पोस्टात अपुऱ्या पत्त्याचे टपाल ज्या खणात टाकतात, तसा हा खण.

डॉक्टर नऊ का लिहितात? बहुतेक वेळा रुग्णानेच काही सांगितलेले नसते म्हणून. सोबत अब्बू किंवा सासूबाई बसलेल्या, बाहेर रांग लागलेली, आणि नवरा खाली मान घालून म्हणतो, “जमत नाही.” एवढ्यावर डॉक्टर दुसरे काय लिहिणार? तपासण्या व्हायच्या असतात, पण कागदावर काहीतरी कोड घालावाच लागतो. तेव्हा नऊचा अर्थ ‘काही झालेले नाही’ असा होत नाही आणि ‘याला इलाज नाही’ असा तर मुळीच होत नाही.

मात्र एफ ५२.९ या कोडबद्दल आमची एक तक्रार आहे. त्याच्या व्याख्येतच ‘शारीरिक आजारामुळे नसलेली’ अशी अट आहे. मग साखर, रक्तदाब, थायरॉइड काहीही न तपासता तो लिहिणे घाईचे ठरते. अमेरिकेच्या आवृत्तीत ‘आर ३७’ असा वेगळा कोड आहे. तो लक्षणांच्या प्रकरणात येतो आणि कारण मनाचे की शरीराचे याबद्दल काही बोलत नाही. दुबई-अबुधाबीत विम्याची बिले याच आवृत्तीने होतात, त्यामुळे तिथे नोकरी करणाऱ्या आपल्या कोकणी भावांच्या कागदावर तो दिसू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेलाही मन आणि शरीर अशी ही फाळणी खटकली. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत या साऱ्या अडचणी मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढून ‘लैंगिक आरोग्य’ या नव्या प्रकरणात ठेवल्या आहेत. तिथे आपल्या नऊचे नाव ‘एचए०झेड’ झाले. त्याच्या जोडीला कारणही नोंदवता येते: आजार वा शस्त्रक्रिया, औषधे, मनावरचा ताण, पती-पत्नीतील बेबनाव, समाजाचे संस्कार, आणि चक्क ‘माहितीचा वा अनुभवाचा अभाव’. नव्या जोडप्यांच्या बाबतीत हे शेवटचे कारण किती वेळा खरे असेल, हे घरातल्या मोठ्यांनी मनाशी विचारून पाहावे. शिवाय त्रास बरेच महिने टिकलेला असावा आणि त्या माणसाला त्याचे खरोखर दुःख असावे, अशीही तिथे अट आहे. निकाहनंतरच्या पंधरा दिवसांवरून कोणाला आजारी ठरवता येत नाही.

शरीराची बाजू तर अजिबात सोडू नये. चाळिशीतल्या पुरुषाची ताठरता कमी होणे ही कधी कधी मधुमेहाची किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्या आखडत असल्याची पहिली खूण असते. नैराश्यावरच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हे होते. तेव्हा गोळ्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे. बाळंतपणानंतर किंवा पाळी जाताना येणारा कोरडेपणा आणि वेदना यांवर उपचार आहेत, पण आमच्या भगिनी त्या वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसतात. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ‘ताकदी’ची गोळी घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. भिंतीवर जाहिरात रंगवणारे हकीम हे विचारत नाहीत. त्यांच्याकडे सगळ्यांना एकच निदान मिळते, ‘कमजोरी’. खरे तर अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो जमातीपुढे. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याच्या कलम २ नुसार पती निकाहच्या वेळी नपुंसक होता आणि अजूनही आहे, या कारणावरून पत्नी न्यायालयात विवाह रद्द करण्याची मागणी करू शकते. हा तिचा हक्क आहे आणि तो कोणी दाबू नये. पण त्याच कलमात पतीने अर्ज केल्यास त्याला एक वर्षाची मुदत मिळते. फिकहमध्येही वर्षाचीच मुदत आहे. चारही ऋतू जाऊ द्यावेत, एखाद्या हंगामात प्रकृती सुधारेल, असा विचार फकीहांनी त्यामागे केला. नऊचा कोड हा नपुंसकतेचा पुरावा नव्हे, कारण त्यात काय बिघडले आहे हेच लिहिलेले नसते. तो नाचवून मुलाला वा मुलीला बदनाम करणाऱ्यांना जमातीच्या पंचांनी सरळ गप्प करावे.

मुळात तो कागद पंचांपर्यंत पोचतोच का? रुग्णाचे गुपित डॉक्टरांनी राखावे, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. मानसोपचार चालू असतील तर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही गोपनीयतेचा हक्क देतो. सासरे बिल भरतात म्हणून त्यांना निदान सांगण्याचे डॉक्टरांवर बंधन नाही. रुग्णाने स्वतः मागितली तर मात्र कागदपत्रे ७२ तासांत देण्याची तरतूद त्याच २००२ च्या नियमांत आहे.

पुढच्या भेटीला पती-पत्नी दोघांनीच जावे. घेत असलेल्या सगळ्या औषधांची नावे, तंबाखू-सिगारेटची सवय, त्रास कधीपासून आणि नेमका कोणता, हे घरीच एका चिठ्ठीवर लिहून न्यावे. तोंडाने सांगवत नसेल तर ती चिठ्ठी डॉक्टरांपुढे सरकवावी. त्यानंतर कागदावरचा कोड कोणता झाला, हे त्यांना विचारून घ्यावे.