ऑक्टोपॅड: आठ चौकोनांचा वाद्यमेळ

१४ जानेवारीला, मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्तार दिनी, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठ गेटच्या परिसरात भीमगीतांची स्टेजं लागतात. गायक बदलतात, बॅनर बदलतात, पण बहुतेक संचांत एक वाद्य ठरलेलं असतं: स्टँडवर तिरपा बसवलेला काळा डबा आणि त्यावर रबराचे आठ चौकोन. एप्रिलमधली आंबेडकर जयंती, गणपती, कर्णपुऱ्याची नवरात्र, लग्नाच्या वराती, कुठेही जा, हा ऑक्टोपॅड भेटतोच.

त्याचा जन्म जपानचा. इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ साली ओसाकात रोलँड कंपनी काढली आणि १९८५ मध्ये पहिला ऑक्टोपॅड, पॅड-८, बाजारात आला. गंमत म्हणजे तो स्वतः मुका होता. पॅडवर काठी पडली की तारेतून फक्त संदेश जायचा आणि आवाज दुसऱ्या यंत्रातून निघायचा. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना आपसात बोलता यावं म्हणून ‘मिडी’ ही पद्धत दोनच वर्षांपूर्वी ठरली होती. ती घडवल्याबद्दल काकेहाशींना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळालं. आवाज डब्याच्या पोटातच भरलेली मॉडेलं पुढे आली आणि १९९८ च्या एसपीडी-२० ने आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांना वेड लावलं. त्यात ७०० आवाज होते.

वाजवणाऱ्याचा खरा कस कार्यक्रमाआधी लागतो. कोणत्या चौकोनात काय भरायचं, त्याला हे लोक ‘पॅच लावणं’ म्हणतात. भीमगीताचा पॅच असेल तर हाताशी ढोलकीची थाप आणि चाटी, वरच्या ओळीत हलगी नि टाळ्या, पायाखालच्या पेडलला ड्रमचा ठोका. पुढचं गाणं कव्वालीच्या अंगाचं निघालं की एक बटण दाबायचं, सगळे आवाज बदलतात. रबराखालचा सेन्सर काठीचा जोर मोजतो. हळू मारलं तर हळू, जोरात मारलं तर खणखणीत. मात्र ढोलकीवाला तळवा दाबून, सरकवून जो घुमारा काढतो, तो इथे निघत नाही. आवाज आधीच रेकॉर्ड केलेला, त्याला वळवणार कोण? म्हणून जाणते संच पॅड घेतात आणि शेजारी ढोलकीही ठेवतात.

२०१० च्या एसपीडी-३० ने लूपची सोय आणली. एक ठेका वाजवून ठेवायचा, तो फिरत राहतो आणि त्यावर दुसरा चढवायचा. एकटा माणूस चौघांचं काम करू लागला. तरीही २० या आकड्याची माया सुटली नाही. नंतरच्या मॉडेलला कंपनीने नाव दिलं एसपीडी-२० प्रो.

आता पैशाचं. नवा पॅड मॉडेलप्रमाणे अर्ध्या लाखापासून लाखाच्या घरात जातो. त्यावर स्टँड, पेडल, बॅग, केबली. हे सगळं धरूनच हिशेब मांडावा लागतो. घेणारा बहुतेकदा दिवसा दुसरं काम करून रात्री प्रोग्रॅमला जाणारा. त्यामुळे जुन्या पॅडचा सेकंडहँड बाजार तेजीत असतो. आषाढात काम थंड, गणपतीपासून लग्नसराईपर्यंत तारखा भरलेल्या. हप्ता मात्र बारा महिने.

याच तालाच्या वेडाचा दुसरा अवतार अमेरिकेत दिसला. ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेमचा ‘वर्ल्ड टूर’ हा भाग ऑक्टोबर २००८ मध्ये आला. आधी नुसती गिटार होती. आता ड्रम, माइक आणि स्वतःचं गाणं रचायची सोयही जोडली. ड्रमला तीन पॅड, दोन झांजा आणि एक पेडल. सगळा संच सुमारे १९० डॉलरचा, तेव्हाच्या दराने नऊ हजार रुपयांच्या आसपास. ऑक्टोपॅडपुढे स्वस्तच. पण गुण मिळायचे ते पडद्यावर सरकणाऱ्या खुणा अचूक गाठल्याचे. दरवर्षी नवा भाग, नवी उपकरणं असा सपाटा लागला, लोक कंटाळले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये गेम काढणाऱ्या अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीने त्याचा विभागच बंद केला. प्लॅस्टिकचे ड्रम माळ्यावर गेले.

१९९८ चा एसपीडी-२० मात्र अजून स्टेजवर दिसतो, रबर झिजलं तरी. त्याने मालकाला तारखा मिळवून दिल्या, हेच त्याचं मोल. म्हणून नवा पॅड घ्यायला निघालेल्या पोरांना एकच सांगणं: फीचरांची यादी वाचण्याआधी वर्षाच्या तारखा मोजा आणि पॅडला हात लावण्याआधी दोन-तीन वर्षं ढोलकी किंवा तबल्यावर बसा. आवाज डब्यात मिळतात, लय विकत मिळत नाही.