घरच्या धंद्याला वेबसाइट हवी, पण कोणती?

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणी भाजणी, मेतकूट, पापड करून, नाही तर गोधड्या शिवून घरबसल्या चार पैसे मिळवतात. आजवर सगळं ओळखीपाळखीवर चाललं. आता मात्र घरातलं कुणी ना कुणी म्हणतंच, "अगं, वेबसाइट काढ की!" काढावी, जरूर काढावी. पण साडी घेताना ती लग्नात नेसायची की रोज, हे आपण आधी ठरवतो ना? तसंच इथेही आहे. वेबसाइटचे ढोबळ तीन प्रकार. तुमच्या कामाला कोणता सोसेल, ते पाहू या.

दारावरची पाटी

एकदोन पानांची साधी वेबसाइट. तुम्ही काय करता, भाव काय, चार छायाचित्रं, गाव आणि फोन नंबर, बस्स. मागणी फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर येते. खर्च म्हणजे नावाची वार्षिक फी आणि जागेचं भाडं. ज्या कामात गिऱ्हाइकाशी बोलावंच लागतं, उदाहरणार्थ ब्लाऊज शिवणं, रुखवत, दिवाळीचा फराळ, तिथे हीच बरी. तेही नको असेल तर व्हॉट्सॲपचं धंद्यासाठीचं वेगळं ॲप २०१८ पासून मिळतं. त्यात मालाची यादी भावासकट लावता येते, तीही फुकट.

स्वतःचं दुकान

इथे गिऱ्हाईक माल निवडतं, पैसे भरतं आणि तुम्ही पार्सल पाठवता. शॉपिफायसारख्या कंपन्या असं तयार दुकान दरमहा भाड्याने देतात. पण दुकान म्हटलं की रोजची झाडलोट आलीच! संपलेला माल यादीतून काढा, भाव बदला, पार्सलं बांधा. आधी वहीत हिशेब मांडा. समजा, किलोभर भाजणी २०० रुपयांना विकली. सामान आणि दळण ११०, पिशवी-खोका १५, कुरियर ६०, पैसे स्वीकारण्याचा आकार ४. उरले ११ रुपये! त्यातच महिन्याचं भाडं आणि तुमची मेहनत. म्हणजे कुरियरचा खर्च गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायला हवा, किंवा किमान मागणी दोनतीन किलोंची ठेवायला हवी.

बाजारातला गाळा

ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो हे भरलेले बाजार. गिऱ्हाईक आयतं येतं, ही मोठी सोय. पण नियम बाजाराचे, परत आलेल्या मालाची कटकट तुमची, आणि शेजारच्या गाळ्यावर तीच वस्तू दोन रुपयांनी स्वस्त! गोधड्या, पर्स, तोरणं अशा टिकाऊ आणि एकसारख्या मालाला हे जमतं. चकल्यांचा मात्र वाटेत चुरा होईल हो!

नाव कुणाच्या नावावर?

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुसऱ्याच्या अंगणात मांडलेला संसार कधीही उठवावा लागतो. गूगल छोट्या दुकानदारांना फुकट वेबसाइट देत असे. २०२४ च्या मार्चमध्ये तिने त्या बंद केल्या. म्हणून वेबसाइटचा पत्ता, ज्याला डोमेन म्हणतात, तो स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ई-मेलवर घ्या. वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर नको, अगदी भाच्याच्याही नको! घर आपलं आणि कागद दुसऱ्याचे, असं आपण चालवून घेऊ का? फी भरायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. ती चुकली आणि मुदत टळली, तर तोच पत्ता दुसरा कुणी घेऊ शकतो. '.भारत' असा देवनागरी पत्ताही २०१४ पासून मिळतो, हौस असल्यास तोही घ्यावा. गिऱ्हाइकांची नावं आणि फोन मात्र आपल्या वहीत हवेतच.

आणि हो, खाण्याचे पदार्थ विकत असाल तर घरगुती धंद्यालाही अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. तो क्रमांक पाकिटावर छापायला विसरू नका.

तेव्हा अंथरूण पाहून पाय पसरा. आधी पाटी लावा. फोन घेता घेता हात दुखू लागले, की मग दुकान थाटा. गाळा हवा तर जोडीला घ्या, पण त्याच्या भरवशावर पाटी उतरवू नका. गिऱ्हाईक बाजारात भेटलं, तरी पुढच्या खेपेला त्याला तुमचंच दार सापडलं पाहिजे!