शोधनिबंध आणि दुर्बोधतेचा सोस

सोलापूरला २००४ साली स्वतंत्र विद्यापीठ लाभले. पण बोजड भाषा म्हणजे विद्वत्ता, हा सार्वत्रिक समज येथेही भेटतो. त्यावर देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांचा शोध हे उत्तर आहे. चार अंकी संख्या घ्यावी. सर्व अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान संख्या वजा करावी. बाकी तीन अंकी आल्यास आधी शून्य धरावे. हीच क्रिया करीत गेल्यास फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येते. कृती, अपवाद, निष्कर्ष. तिन्ही शाळकरी मुलालाही पडताळता येतात. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांच्या लेखाने कापरेकरांचे नाव जगभर पोचविले. जो निबंध पडताळता येत नाही, तो कपाटातच राहतो. मार्गदर्शकांनी पाने मोजण्यापूर्वी ही कसोटी लावावी.